बुडाला लाल रंग

“डोळा खाली कर गा, डोळा!”

सोडा कसा प्यायचा हे शिकवताना मामा एवढंच ओरडायचे. गोटी सोड्याच्या बाटलीच्या गळ्याला दोन खाचा असतात, काच मऊ असताना कुणी चिमटा काढावा तशा. आमच्याकडे त्यांना डोळे म्हणत. बाटली कलती करताना डोळ्यांची बाजू खाली राहिली की आत ढकललेली गोटी घरंगळत येऊन खाचेवर अडते आणि सोडा वाहत राहतो. बाजू चुकली की गोटी थेट तोंडाशी येऊन बसते आणि धार बंद. नवखा माणूस मग बाटली आणखी उपडी करतो, झटकतो आणि अर्धा सोडा शर्टावर घेतो. दारात उभं राहून पिणाऱ्यांत आपल्या भागातला कोण आणि पाहुणा कोण, हे मामा एवढ्यावरून ओळखत.

मामांची सोड्याची फॅक्टरी होती. फॅक्टरी हे आपलं बोर्डावरचं नाव. बेळगावातून वेंगुर्ला रोडनं निघालं आणि हिंडलगा मागं पडलं की रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड होती. तिच्यात बाटल्या धुवायचा सिमेंटचा हौद, एक मशीन, गॅसचं लोखंडी सिलिंडर, पाकाचा हंडा आणि भिंतीला लावून रचलेली लाकडी खोकी. आजोबांनी ती चाळीसच्या दशकात काढली आणि मामांनी नव्वदच्या दशकात बंद केली. मधल्या काळातल्या माझ्या बहुतेक उन्हाळी सुट्ट्या तिथं गेल्या. काम करायला म्हणून मला कुणी नेलं नव्हतं. पण हौदाजवळ रिकाम्या हातानं बसलेल्या पोराला कोणीतरी ब्रश देतंच.

मशीन म्हणजे लोखंडी चौकट, तिला बाजूला एक हँडल. पाणी आणि पाक घातलेल्या चार बाटल्या चौकटीत बसवायच्या, तोंडं गॅसच्या नळीशी आवळायची, वरून जाळीचं झाकण लावायचं आणि हँडल मारायला लागायचं. चौकट गरागरा फिरते, बाटल्या उलट्यासुलट्या होतात, पाणी घुसळलं जाऊन गॅस त्यात मुरतो. शेवटी चौकट बरोबर उलटी थांबवायची. गोटी स्वतःच्या वजनानं खाली तोंडाशी येते आणि आतला दाब तिला गळ्यातल्या रबरी वायसरवर घट्ट दाबून धरतो. बूच नाही, तार नाही, झाकण नाही. सोडाच आपलं दार आतून लावून घेतो. यापेक्षा हुशार वस्तू मी अजून पाहिलेली नाही, आणि ती सांगणारा मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे.

भरणी पहाटे चारला सुरू व्हायची. मला वाटायचं, ही मामांची शिस्त. कॉलेजात गेल्यावर पुस्तकात वाचलं की शून्य अंशाच्या पाण्यात त्याच्या आकारमानाच्या पावणेदोनपट कार्बन डायऑक्साइड मावतो, तर 20 अंशांच्या पाण्यात जेमतेम निम्मा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2500 फूट उंचावर, एप्रिलातही पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. विहिरीचं रात्रभर उघड्या हंड्यात ठेवलेलं पाणी त्या वेळी सर्वात गार असतं. बर्फाची लादी विकत न आणता फुकट मिळणारा गारवा मामा वापरून घेत होते, एवढाच त्या शिस्तीचा अर्थ. “दुपारचा सोडा मिळमिळीत,” असं ते म्हणत, आणि दुपारी दोनला कुणी कितीही मोठी ऑर्डर घेऊन आला तरी मशीनला हात लावत नसत.

दुपारचा दुसराही धाक होता. नीट भरलेल्या बाटलीत उन्हाळ्यात मोटारीच्या टायरच्या दुपटीच्या आसपास दाब असतो. काचेत कुठं बुडबुडा, कुठं जुना टवका असला की ती बाटली मनाला येईल तेव्हा जाते. मामांच्या डाव्या भुवईत एक आडवी रेघ होती, तिथं केस उगवत नसत. त्या दिवसाबद्दल मामी बोलायची नाही. आमचा हुक्केरीकडचा एक गडी होता, त्याला सगळेच ‘तम्मा’ म्हणायचे, म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. तो मात्र हातांना गोणपाट गुंडाळता गुंडाळता रोज त्या स्फोटाची गोष्ट नव्यानं सांगायचा आणि दर वेळी स्फोट मोठा होत जायचा. शहरात काही गडबड झाली की आधी एखादा पोलीस सायकलवरून येऊन ‘खोकी आत घ्या’ म्हणून सांगून जाई. जुन्या दंगलींच्या बातम्यांत दगडांच्या जोडीला सोडावॉटरच्या बाटल्या असतातच, त्याचं कारण ज्यानं एकदा ती फुटताना ऐकली आहे त्याला सांगावं लागत नाही.

तम्मा गोटीला ‘गोली’ म्हणायचा, मामा ‘गोटी’. पूर्वेकडून आलेले गाडीवान ‘येरडु गोली सोडा कोड्री’ म्हणत आणि मामा कन्नडातच पैसे मागत. आम्ही पोरं ज्याच्याकडून फुकट मिळेल त्याची भाषा बोलायचो.

त्या हौदावर मी इंग्रजी अक्षरं शिकलो. आमच्या फॅक्टरीची स्वतःच्या नावाची एकही बाटली नव्हती. नाव उठवायचं तर काचेच्या कारखान्यात वेगळा साचा करून घ्यावा लागे आणि शेकड्यांनी बाटल्या उचलाव्या लागत. तो खर्च मोठ्यांचा. आजोबांनी बंद पडलेल्या फॅक्टऱ्यांच्या जुन्या बाटल्या जमवल्या होत्या. ब्रश फिरवताना बोटाला उठावाची अक्षरं लागत. एकीवर मिरज, एकीवर हुबळी, तीही इंग्रजांच्या स्पेलिंगात. एकीवर ‘पूना’. एकीवर नाव झिजून गेलेलं, फक्त शेवटचं ‘अँड सन्स’ शिल्लक. कुणाचे सन्स, ते त्या पाण्यातच राहिलं. हिरवट, पाणीदार रंगाची ती काच. वाळूतल्या लोखंडाच्या अंशानं तो रंग येतो, मुद्दाम दिलेला नसतो.

या बाटलीचं कूळ विलायतेतलं. लंडनच्या कॅम्बरवेल भागातला हायरम कॉड बुचांच्या कंपनीसाठी फिरतीवर असे. सोडावॉटरच्या धंद्याचं तेव्हा सगळं दुखणं बुचातच होतं. बूच वाळलं की आक्रसतं आणि गॅस निसटतो. म्हणून तळ गोल असलेल्या, आडव्याच ठेवाव्या लागतील अशा बाटल्या काढल्या होत्या, की बूच सतत भिजत राहावं. कॉडनं बूचच काढून टाकलं आणि गळ्यात गोटी घातली. पेटंट 1872 चं. गोटी आत कशी गेली, हा लहानपणी आम्हाला पडलेला सर्वात मोठा प्रश्न. उत्तर साधं आहे: आधी रुंद गळ्याची बाटली करतात, गोटी टाकतात आणि मग तोंड पुन्हा तापवून आवळतात. तम्माचं उत्तर वेगळं होतं. तो म्हणायचा, गोटी आत वाढते, भोपळ्यात बी वाढतं तशी. मला अजून तेच जास्त पटतं.

विलायतेत ही बाटली हळूहळू मागं पडली. बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरनं 1892 मध्ये पत्र्याचं दातेरी झाकण काढलं, आपण पोरं ज्याचे बिल्ले जमवायचो ते, आणि जग त्याच्यामागं गेलं. गोटी उरली ती मुख्यतः जपानात आणि आपल्याकडे. आपल्याकडे सोडा रुजला तो गोऱ्यांच्या छावण्यांमधून आणि पारशी-इराण्यांच्या दुकानांमधून. मुंबईत पालनजी 1865 चे, पुण्याच्या कँपात अर्देशीर 1884 चे, पुन्हा मुंबईत ड्यूक 1889 चे. पटकीच्या भीतीनं साधं पाणी प्यायला धजत नसलेल्या फौजेला बाटलीबंद पाणी भरवशाचं वाटे. पलटणींचे स्वतःचे सोडावॉटरचे कारखाने असत. बेळगावला छावणी होतीच, कँप आजही कँपच आहे. 1887 मध्ये रेल्वे येईपर्यंत या छावणीचा विलायती माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून बैलगाड्यांनी घाट चढून येई. म्हणजे ज्या रस्त्याला लागून आजोबांनी शेड टाकली, तो रस्ताच मुळी साहेबाच्या बाटल्यांसाठी रुळला होता म्हणायचं. आजोबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “आसल. खरं आमाला जागा स्वस्त मिळाली म्हणून घेतली.” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याच्या माणसाला हे समजावताना निम्मं आयुष्य जातं.)

स्वतःचं नाव नसलेली बाटली आपली आहे हे ओळखायचं कसं? आजोबांनी बुडाच्या खोलगटात लाल ऑइलपेंटचा ठिपका द्यायला सुरुवात केली. खोलगट भागात असल्यानं तो घासला जात नसे. दर वर्षी होळीच्या आसपास, मोसमाच्या आधी, सगळ्या बाटल्या उपड्या मांडून रंग नवा करायचा. ओळीनं मांडलेली हजारेक बुडं, प्रत्येकात एक लाल टिकली; मामी म्हणायची, हळदीकुंकवाला बसल्यात.

बाटलीवर डिपॉझिट असे. दुकानदार सोड्याचे पैसे देई आणि वर बाटलीमागे चार आणे ठेवी. रिकामी परत केली की चार आणे परत. आजोबांची एक लांबट वही आता माझ्याकडे आहे. पहिली काही पानं मोडीत आहेत, नंतरची बाळबोध. त्यात सोड्याचा हिशेब थोडका आणि बाटल्यांचाच जास्त. गावाचं नाव, गेलेल्या, आलेल्या, फुटलेल्या, राहिलेल्या. सुळगा, उचगाव, तुरमुरी, बाची, शिनोळी, हलकर्णी, पाटणे फाटा. उचगावला मळेकरणी देवीच्या यात्रेची मटणाची जेवणं असत, तिथं जिंजरची, म्हणजे आल्याच्या चवीच्या सोड्याची, खोकीच्या खोकी जात आणि फुटलेल्यांचा रकानाही तिथलाच मोठा. वही वाचताना कळतं की आजोबांच्या डोक्यात मुलूख म्हणजे काय होतं. जिथून रिकामी बाटली परत येते तिथपर्यंतचा तो मुलूख. त्यापलीकडे माल द्यायचाच नाही, मग तिथं गिऱ्हाईक कितीही असो.

या भागात रेघा काही कमी ओढल्या गेल्या नाहीत. बेळगावला खेटून असलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. एका गल्लीत इंग्रज सरकार, पुढच्या गल्लीत पटवर्धन सरकार. मग 1 नोव्हेंबर 1956 आला. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण त्याचाच चंदगड तालुका मागं राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. त्या दिवसाचं दुःख आमच्या घरात काय होतं, ते या भागातल्या कुठल्याही मराठी घराला सांगायला नको. दर 1 नोव्हेंबरला ते काळ्या झेंड्यांनी दिसतंच. पण आजोबांना त्याच आठवड्यात एक व्यवहाराचाही पेच पडला. वहीतली बाची एका राज्यात राहिली आणि शिनोळी दुसऱ्या. दोन्हींकडे बाटल्या अडकलेल्या.

घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितला जाणारा संवाद त्यातलाच. चंदगडकडून रिकाम्या बाटल्या भरून येणारी गाडी नाक्यावर अडवली गेली.

“काय हाय गाडीत?”

“बाटल्या. रिकाम्या.”

“विकत आणूलास काय?”

“न्हाई ओ साहेब, आमच्याच हायत.”

“तुमच्या हायत तर मग गेल्या कशाला हुत्या तिकडं?”

आजोबांना याचं उत्तर देता आलं नाही. त्यांनी कारकुनाला दोन सोडे पाजले. कारकुनानं डोळे वर करून बाटली धरली, शर्ट भिजवला आणि गाडी सोडली. तो मुळचा या भागातला नव्हता हे सिद्ध झालं, असं आजोबा सांगत.

फॅक्टरीच्या बिलबुकावरचा पत्ता मात्र बदलत गेला. आधी ‘मुंबई इलाखा’, मग ‘मुंबई राज्य’, मग ‘म्हैसूर’, 1973 नंतर ‘कर्नाटक’. दर वेळी जुन्या बिलबुकांच्या मागच्या कोऱ्या पानांवर आम्हा पोरांची गणितं सुटायची. बाटल्यांवरची गावं काही बदलता येत नव्हती. मिरजेच्या बाटलीत बेळगावचा सोडा चंदगडला जात राहिला.

धंदा मोडला तो रेघेनं नाही. 1977 मध्ये कोका-कोला देश सोडून गेली तेव्हा मामांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या रस्त्यावर ती फारशी आलीच नव्हती. 1993 मध्ये ती परतली, त्याच सुमारास टीव्ही घराघरांत होता आणि दुकानांत फ्रीज यायला लागले होते. एका कंपनीचा माणूस रस्त्यावरच्या दुकानांना फ्रीज देऊन गेला, अट एकच, त्यात दुसऱ्या कुणाची बाटली ठेवायची नाही. ओल्या गोणपाटाखाली ठेवलेला सोडा फ्रीजशेजारी अगदीच गरीब दिसायला लागला. तरी मामा त्या थंडगार काचेच्या बाटल्यांना फार भ्यायले नाहीत, कारण त्याही परत जाणाऱ्याच होत्या. ते हबकले प्लास्टिकच्या बाटलीला. उचगावच्या एका लग्नात त्यांनी ती पहिल्यांदा नीट पाहिली. प्यायली आणि मांडवामागं फेकली. मामांनी त्यातली एक उचलून घरी आणली, उलटीसुलटी करून बघितली आणि मामीला म्हणाले, “हिला घरच न्हाई.”

त्यानंतर दोन-तीन उन्हाळे गेले. वायसर मिळेनात, गड्यांचा पगार निघेना, रिकाम्या गोळा करणाऱ्या गाडीचं डिझेल बाटलीच्या डिपॉझिटपेक्षा जास्त व्हायला लागलं. मशीन चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत दुकान लावणाऱ्या एकाला दिलं. बाटल्या भंगारात काढल्या, तर भंगारवाला गोटी आणि रबर बघून कुरकुरला आणि किलोमागे भाव पाडून घेतला. बरंच झालं, मामांनी पुढचा काळ पाहिला नाही. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा गोड सोड्याला 28 टक्के कर आणि वर 12 टक्के उपकर लागला. हँडल मारून दिवसाला चार-पाच खोकी भरणारा आणि जगभर विकणारा, दोघे एकाच ओळीत. दोन वर्षांनी लहान धंद्यांच्या ठोक कराची सवलतही या मालाला बंद झाली.

आणि गंमत अशी की मार्च 2025 मध्ये शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेनं जाहीर केलं, भारताचा गोटी सोडा नव्या नावानं आखातातल्या मोठ्या दुकानांत चालला आहे. बातमीसोबत फोटोही होता, चकचकीत लेबलं लावलेल्या बाटल्यांचा. मी मोबाईलवर तो मोठा करून बघत होतो. डोळे नीट दिसत होते. बुडं दिसत नव्हती.

बुडं दिसली ती त्याच वर्षी दिवाळीनंतर. शिनोळीच्या पुढं आतल्या बाजूला एका वाडीत ओळखीच्यांकडे गेलो होतो. शेजारच्या घराच्या अंगणात अबोलीचा एक वाफा होता आणि त्याला कडेनं विटांऐवजी बाटल्या उपड्या पुरलेल्या. हिरवट काच. मी वाकून पाहिलं. एका बुडात मातीखाली काहीतरी तांबूस होतं. अंगठ्यानं माती पुसली.

ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या म्हातारीनं हाक मारली. “काय बघूलास रे?”

“मावशी, या बाटल्या कुठल्या?”

“माझ्या लग्नातल्या हायत त्या. हिंडलग्याकडचा एक सोडावाला हुता. दोन डझन दिल्या खरं मेला परत नेयालाच आला न्हाई. पाऊस लागला, वढ्याला पाणी चढलं, मग आमीबी इसरलो.”

मी म्हणालो की तो मेलेला सोडावाला माझा आजोबा. ती जराही ओशाळली नाही. शेंगांची परडी बाजूला ठेवून तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

“मग डिपॉझिट आणलास काय? आमच्या बाबानं भरलेलं हाय.”

तिच्या नातवानं हसत एक फावडं आणून दिलं. मी मोजल्या, 19 होत्या. पाच कुठं गेल्या ते तिला सांगता येईना. मी म्हणालो, सगळ्या नेतो, 19 चे चार-चार आण्यांनी पावणेपाच रुपये होतात.

“सगळ्या कशा नेशील? वाफा ढासळंल की. एक ने.”

कडेची एक उकरली. गळ्यात माती घट्ट बसली होती. नातवानं ती नळाखाली धरली, काडीनं कोरली, आणि बऱ्याच वेळानं आत गोटी सुटली आणि काचेवर आपटून वाजली. म्हातारी तोवर हात पुढं करून उभी होती.

“चार आणे दे.”

“मावशी, चार आण्याचं नाणं बंद होऊन चौदा वर्षं झाली.” 2011 च्या जूनअखेर ते गेलं, हे मी तिला सांगत बसलो नाही. पाकिटातून पाचाची नोट काढली, ती तिनं हातानं मागं सारली.

“मला जास्तीचं नको. वही हाय न्हवं तुमच्याकडं? लिहून ठेव, द्याचं हाय म्हणून.”